ठिपक्यांचा पैसा

आई गेली तेव्हा रीतीप्रमाणं तिचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवलं नाही. तिच्या अंगावरच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, त्यातच गेल्या. लुगडी वहिनीनं आणि मी वाटून घेतली. शेवटी उरला तिचा बटवा. त्यात सुपारीची दोन खांडं, वाळून दगड झालेल्या चुन्याची डबी, अडकित्ता आणि तांब्याचा एक जुना पैसा एवढंच होतं. अडकित्ता आण्णानं घेतला. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, भूमजवळ आमच्या गावी शेती बघतो. बटवा माझ्याकडं सरकवत तो म्हणाला, "बाई, हे तू ठेव. मला काय करायचंय असल्याचं."

मी तो परंड्याला माझ्या घरी आणला आणि पैसा कुंकवाच्या करंड्यात ठेवला. निजामाच्या वेळचा असावा. एका अंगाला उर्दू अक्षरं होती, पण त्या अक्षरांवर सगळीकडं बारीक ठिपके पडलेले, देवीचे वण असावेत तसे. दुसरं अंग मात्र कोरं. नुसतं गुळगुळीत, त्यावर कधी काही नव्हतंच असं. मी कधी त्याचं कारण शोधलं नाही. कुंकू घेताना बोटाला तो गार पैसा लागायचा आणि आई आठवायची, एवढंच मला पुरत होतं.

वाटणीची लुगडी सोडली तर माझ्याकडं तिचं दुसरं काही नव्हतं. आई गावातल्या लोकांच्या वाकळा शिवून द्यायची. माझ्या लग्नात तिनं मलाही एक दिली होती. ती लेकरांच्या मुतात भिजून, उन्हात वाळून, परत भिजून विरत गेली. शेवटी तिच्या चिंध्यांनी मी चूल सारवली. तेव्हा आई होती, म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या साली आण्णा एष्टीनं आला. पिशवीत शेंगा होत्या आणि हातात फोन. पाणी प्यायच्या आधीच त्यानं विचारलं, "बाई, आईच्या बटव्यातला त्यो पैसा हाय का अजून?"

"हाय की."

"कुनाला दिला बिला न्हाईस न्हवं?"

"कुनाला देऊ मी?"

मग त्यानं फोनवर एका माणसाला बोलताना दाखवलं. तो मखमलीवर नाणी मांडून सांगत होता की टाकसाळीत कधीकधी चूक होते, एखाद्या नाण्याला एका अंगाला छापच पडत नाही आणि असं नाणं शौकीन लोक लाखात घेतात. आण्णाचे डोळे चमकत होते.

"बघ. आपल्या पैशाचं एक अंग कोरं. वर आनि दुसऱ्या अंगाला ठिपक्याची नक्षी. आसलं कुनाकडं असंल? सोलापूरला एक जन हाय, त्यो डोळ्यांनी बघून घेतो म्हनला. पर आधी तुझ्या शेजारच्या कंडक्टरला दाखव. त्यांला त्यातलं कळतं म्हनं. जे येईल ते अर्धं तुझं, अर्धं माझं. आईनंच दिलं म्हनायचं."

मी "बरं" म्हणाले. मला लहानपणापासून तेवढंच म्हणता येतं. विकायचा नाही, हे मनातच राहिलं. आणि आण्णाला नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? आईच्या शेवटच्या वर्षात तिला घास भरवला तो त्यानं आणि वहिनीनं. मी सणावाराला जाऊन दोन दिवस राहून येणार. पैशावर माझ्यापेक्षा त्याचाच हक्क जास्त होता.

मग एकच वाट उरली. पैसा बिनकामाचा निघाला पाहिजे. त्या संध्याकाळी दिवा लावताना मी भवानीआईला हात जोडून तेच मागितलं. माझ्या घरातल्या वस्तूला कवडीची किंमत नसू दे, असं गाऱ्हाणं तिनं याआधी ऐकलं नसेल.

शेजारचे कंडक्टर म्हणजे आमच्या गल्लीचे मामा. एष्टीतून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या बायकोला आम्ही मामी म्हणतो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले, तरी मामांशी मी धड बोलले नव्हते. बोलायचं ते मामींशी, आणि तेही ओट्यावरून. त्या दिवशी पदराच्या टोकाला पैसा बांधून गेले आणि दारातच उभी राहिले.

मामींनी बघितलं. "काय गं? विरजण पाहिजे?"

मी पदराची गाठ सोडून पैसा पुढं केला. मामी मागं वळून ओरडल्या, "अवो, उठा! तुमच्या वळखीचं पावनं आलंय!"

मामा लगेच बाहेर आले. त्यांनी पैसा काठाला धरला, चिमटीत, जसं कुणी फुलपाखरू धरावं. तेव्हा मला कळलं की नाणं असं धरायचं असतं. त्यांनी खिशातून भिंग काढलं. मामी म्हणाल्या, "बघायला आले तवा माझ्याकडं एकदाबी नीट बघितलं न्हाय यांनी. खाली मान घालून पोहे खाऊन गेले. आन पैशाकडं बघा कसं बघत्यात."

"तू खरीच हायस का खोटी, हे तपासायचं नव्हतं मला," मामा भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

मी हसले. त्या घरात मी पहिल्यांदाच तोंड उघडून हसले असेन.

मामांनी नोकरीभर चामड्याच्या पिशवीत हजारो नाणी हाताळली. त्यातलं एखादं वेगळं दिसलं की पदरचं दुसरं पिशवीत टाकून ते घरी आणायचे. सुट्टे द्यायचे सोडून नाणं उलटसुलट करत बसायचे आणि गाडीतली माणसं ओरडायची, असं मामी सांगतात. मी वाट बघत होते की मामा आता सांगतील, चांगलं आहे की खराब. पण ते म्हणाले, "लेकी, माझ्या डोळ्यांचं आपरेशन झालंय, पैल्यासारखं दिसत न्हाय. तूच बघ. कसं बघायचं ते मी सांगतो."

मी घाबरून म्हणाले, "मला काय कळतंय मामा. चौथी शिकलेली मी."

"भिंगाला शाळा लागत न्हाय," ते म्हणाले.

अशा माझ्या दुपारी सुरू झाल्या. भांडी आवरून मी त्यांच्या पडवीत जायची. मामी शेंगा फोडत बसायच्या. मामा माझ्या हातात एकेक नाणं द्यायचे आणि विचारायचे, "सांग, टाकसाळीतलं का नंतरचं?"

त्यांनी मला समजावलं ते असं. टाकसाळीत धातूची कोरी चकती दोन ठशांच्या मधे येते आणि वरून दाब बसतो. ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ वर उठून येते, नखाला लागते. नंतर कुणी ओरखडा काढला तर रेघ आत जाते आणि तिच्या कडेला धातूची बारीक वरंबी उठते, नांगराच्या तासाच्या कडेला माती उठते तशी. "म्हणून पैलं बोट फिरवायचं," मामा म्हणायचे. "वर आलंय का आत गेलंय? वर आलेलं बहुतेक टाकसाळीतलं. आत गेलेलं बहुतेक दुनियेतलं."

एका नाण्याचा काठ चंद्रकोरीसारखा कापलेला होता. मी म्हणाले, कुणी तरी कातरीनं कापलं. मामांनी मान हलवली. "समोरचा काठ बघ." कापलेल्या जागेच्या बरोबर समोर काठाची कड बसकी होती, नीट उठलेलीच नव्हती. मामा म्हणाले की चकती आधीच अपुरी असली की समोरच्या काठाला दाब बसत नाही. नंतर कापलं असतं तर समोरचा काठ कशाला बिघडला असता? मग त्यांनी दुसरं नाणं दिलं. पसरट, लांबोडकं, त्यावरचे आकडे ओढल्यासारखे. "आन हे?"

मी बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "हे नंतरचं. ह्याच्यावर काही तरी जड गेलंय."

"आगगाडी गेलीय," मामा खूष होऊन म्हणाले. "येडशी टेशनावर दिलं मला एकानं, लई मोठी चूक हाय म्हनून. त्याच्या पोरानं रुळावर ठिवलं हुतं."

मला माणसाच्या तोंडाकडं बघायला संकोच वाटतो. लोक मला मुखदुर्बळ म्हणतात. पण नाण्याकडं कितीही वेळ बघितलं तरी ते उलट बघत नाही. बघता बघता मला बोलायला यायला लागलं, कारण बोलायचं ते नाण्याबद्दल होतं. त्या दुपारांचं देणं मी मामांचं कसं फेडणार, मला माहीत नाही.

आपल्या पैशाकडं मामा शेवटी आले. मी भिंगातून बघून सांगत गेले. ठिपके आत गेलेले होते. मनातल्या मनात मी आनंदले, पण मामांनी हात वर केला. "थांब. ठशावर कचरा चिटकला तर टाकसाळीतबी खळगं पडत्यात. आन कोऱ्या अंगाचं काय? तसं टाकसाळीत घडतं."

मी भिंग खाली ठेवलं.

"वजन करू," मामा म्हणाले. त्यांच्या नाणी लावलेल्या वहीत अगदी तसाच, पण चांगला पैसा होता. दोन्ही घेऊन ते स्वतः पेठेत सोनाराकडं गेले. परत आले ते माझ्याकडं न बघता बोलले. छाप नुसता पडला नसता तर धातू पुरा असायला हवा होता. आपला पैसा जोडीदारापेक्षा हलका भरला होता. म्हणजे ते अंग झिजलेलं असणार. "वाईट वाटून घिऊ नको लेकी," ते म्हणाले. मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मी रडतेय.

मामींनी मात्र ओळखलं. "ही तर हसतीय वो!"

मग मला सांगावं लागलं. पैसा विकायचा नाही, पण आण्णाला तसं म्हणवत नाही, हे दोन वाक्यांत सांगितलं आणि घाम फुटला. मामांनी पैसा परत माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "लेकी, तुझ्यासाठी खोटं बोलाय मला काय जड न्हाय. पर नाण्याबद्दल मी आजवर खोटं बोललो न्हाय. हलका हाय, पर चकतीच पातळ कापली गेली असंबी हुतं. आन एकाच अंगाला इतके ठिपके कुठनं आले, हे मला सांगता येत न्हाय. कुनी खिळा ठोकला म्हनावं तर हातोडीचा मार दिसला असता. तुझा भाऊ विचारंल, आन मला म्हनावं लागंल, नक्की न्हाय. मग त्यो सोलापूरला जाणार."

ते बरोबर होतं. मला त्यांचा राग आला नाही. उलट माझ्यासारखीशी इतकं खरं बोलणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

आण्णा यायचा होता त्याच्या आधी दोन-तीन दिवस मी मामींची उसवलेली वाकळ शिवायला घेतली. शिकवल्याबद्दल दुसरं काय देणार? वाकळ जुनी, लुगड्यांवर लुगडी घातलेली, पुठ्ठ्यासारखी जाड. मोठी सुई अर्ध्यात जाऊन अडायची. मी तळहातानं रेटली तर नेढ्याकडचं टोक हातात घुसलं. रक्ताचा थेंब आला. म्हणून मी एक चिंधी घेतली, तिची घडी तळहातावर ठेवली, वरून पट्टी गुंडाळली आणि दातांनी गाठ मारली.

दातांत पट्टी तशीच राहिली. मी असं गाठ मारणारं दुसरं माणूस बघितलं होतं.

आई वाकळ शिवायला बसली की उजव्या हाताला अशीच चिंधी बांधायची. चिंधी मधे जाड होती, वरून शिवून टाकलेली. काम झालं की ती कोनाड्यात वर ठेवायची आणि आम्हाला हात लावू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं आईचा हात दुखतो, म्हणून बांधते. नजर गेल्यावर तिनं शिवणं सोडलं. चिंधी कुठं गेली, कुणी विचारलं नाही.

मी उठून करंड्यातला पैसा आणला. सुईचं नेढ्याकडचं टोक एका ठिपक्यात ठेवलं. ते तिथं बसलं. दुसऱ्यात ठेवलं, तिथंही बसलं. मी पैसा उलटा केला. ते कोरं अंग त्या चिंधीत तिच्या तळहाताकडं असणार. कापड आणि हात, कापड आणि हात, आयुष्यभर.

मी ओट्यावर न थांबता, डोक्यावर पदर न घेता त्यांच्या घरात शिरले. "मामा!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मामा, सुई! सुईचं हाय ते!"

मामांनी सुई घेतली, पैसा घेतला, भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं. मामी चुलीकडून हातातला पिठाचा गोळा तसाच घेऊन आल्या. मामा म्हणाले, "आता म्हनतो. आता छातीवर हात ठिवून म्हनतो. नंतरचंच हाय." आणि मग भिंग खाली ठेवून हळू आवाजात, "आन लई चांगलं हाय."

आण्णा आला तेव्हा मामा-मामी आमच्याच घरी बसले होते. मामांनी बोलायला सुरुवात केली, पण मी म्हणाले, "मी सांगते." मी पैसा चिंधीत घातला, हाताला बांधला, मामींची वाकळ मांडीवर घेतली आणि दोन टाके घातले. सुई लोण्यात जावी तशी गेली. मग चिंधी सोडून पैसा आण्णाच्या हातात दिला आणि सुईचं टोक ठिपक्यात ठेवून दाखवलं.

आण्णा पैशाकडं बघत राहिला. त्याचा चेहरा पडला, असं मला वाटलं. मग एकदम तो आपला डावा गाल चोळायला लागला.

"आयला!" तो म्हणाला. "तरीच!"

"काय झालं?"

"एकदा शिवताना तिचा दोरा तोडला म्या. तिनं त्याच हातानं दिली हुती ठिवून. डोळ्याम्होरं काजवं! दगडावानी लागलं हुतं. म्या समद्या गावात सांगायचो, आमच्या आईचा हात लई कडक हाय."

मामी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आण्णाही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते बाहीनं पुसले, आम्ही बघतोय याची लाज न बाळगता. पैसा त्यानं माझ्या हातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली.

"सोलापूरवाल्याला काय सांगशील?" मी विचारलं.

"त्याला काय सांगायचंय! आईचं हत्यार हाय म्हनावं, इकत न्हाईत." थोडं थांबून म्हणाला, "बाई, तुला मनातनं इकायचा नव्हता न्हवं?"

मी मान हलवली.

"मग तसं म्हनायचं की माय. म्या काय खाल्लं असतं तुला?"

हे त्याचं वाक्य मी जपून ठेवलंय. पैसा जितका जपते तितकंच.

पुढच्या खेपेला तो वहिनीकडची आईची लुगडी घेऊन आला. माझ्याकडची मी काढली. एक वाकळ त्याला, एक मला, असं ठरलं. मी चिंधीत पैसा शिवला आणि रोज दुपारी मामांच्याच पडवीत शिवायला बसू लागले. पहिल्या दिवशी मामांना ते बघवेना. जुन्या नाण्याला पाण्याचा हातही लावू नये असं ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्यासमोर मी त्यात सुई रुतवत होते. ते उठून आत गेले, परत आले, खुर्ची जवळ ओढून बसले.

"खराब हुतंय लेकी," ते म्हणाले.

"व्हय मामा."

"हुं दे," ते म्हणाले. "नीट धर पर. घसरंल सुई."

आण्णाची वाकळ झाली, त्या दिवशी मी चिंधी उसवून पैसा बाहेर काढला आणि मामांना दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडात तिरपा धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. जुने ठिपके काळपट होते. त्यांच्या मधे मधे माझे दिसत होते, लालसर, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखे चमकणारे. नवा मार असाच चकाकतो, त्यावरून तो ओळखायचा, हेही मामांनीच शिकवलं होतं.

"किती दिवस राहील ही चकाकी?" मी विचारलं.

"काळवंडंल हळूहळू. मग भिंग लावलं तरी कळायचं न्हाय, कुठला तुझा आन कुठला तिचा."

माझी वाकळ अजून शिवायची आहे. आईचं हिरवं लुगडं वर घेणार आहे.